घंटीतला बोळा

जावयाच्या थोरल्या मेहुणीला जुळं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. सासू तिच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती तिकडंच अडकली. एका पोराला झोपवावं तर दुसरं उठायचं, असा निरोप येत राहिला. मागं घरात चौघं उरली. दोर वळणारा जावई, त्याची बायको, म्हातारा सासरा आणि नुकती रांगायला लागलेली पोर.

जावई घरजावई होता. दोर वळायचं काम सासऱ्याचं, ते त्यानं जावयाला शिकवलं, आणि शिकवताना जेवढे टोमणे मारता येतील तेवढे मारून घेतले. गावात त्याला सगळे उलटराव म्हणत. त्याचं कारण असं की हा माणूस दिवसभर उलटा चालायचा. घायपाताची पानं कुजवून, झोडपून काढलेला वाख कमरेला गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्याला अडकवायचं आणि चाक फिरू लागलं की बोटांतून वाख सोडत सोडत मागं चालत जायचं. तोंड चाकाकडं, पाठ वाटेकडं. घराच्या बाजूनं नदीच्या दिशेनं गेलेली ती वाट पिढ्यान्‌पिढ्या चालून चालून गुळगुळीत झालेली. बायको चाक फिरवायची आणि हा तिच्याकडं बघत बघत तिच्यापासून लांब जायचा.

"लग्न झाल्यापासून रोज मला सोडून जातायत," बायको म्हणायची. "आणि रोज संध्याकाळी परत आहेतच."

मागं बघायची त्याला सवय नव्हती. बघितलं की हाताची लय तुटते आणि सुताला गाठ येते. म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी मान धरून पुढं वळवली होती. "मागं काय आहे ते पायाला कळतं," म्हातारा म्हणाला होता. "डोळे हातावर ठेवा, जावई."

वाटेच्या मध्यावर झाडाखाली म्हाताऱ्याची खाट असायची. गुडघे गेल्यापासून त्याचं काम एवढंच, वाटेवर कोंबडी आली, शेळी आली की हुसकायची. त्याच झाडाला पाळणा. पोर रांगायला लागली तशी बायकोनं शेळीच्या गळ्यातली छोटी घंटी काढून तिच्या कमरेला बांधली. पोर हलली की घंटी वाजायची आणि उलटराव जागच्या जागी थांबायचा. पोरीला सगळे गुंडी म्हणत, सुताच्या गुंडीसारखी गोल होती म्हणून.

घंटीचा एकच ताप होता. झोपेत कूस वळली तरी ती वाजायची आणि गुंडी दचकून उठायची. म्हणून झोपवताना बायको घंटीत वाखाचा बोळा कोंबायची. उठवताना बोळा काढायचा. घरातल्या तिघांनाही ते इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणी कुणाला सांगत नसे. पोरीला पाळण्यातून जो काढेल त्यानं बोळा काढायचा.

त्या दिवशी नावाड्याच्या दोराचं काम चाललं होतं. गावाच्या नदीवर पूल नाही. या काठापासून त्या काठापर्यंत एक जाड दोर ताणलेला, नावाडी तो हातानं ओढत नाव पलीकडं नेतो. जुना दोर विरला होता. नदीला पाणी चढायच्या आत नवा हवा, नाहीतर पलीकडचा दवाखाना, बाजार सगळं पावसाळा संपेपर्यंत तोडून टाकल्यासारखं. एवढ्या जाड दोराला सुतं पुष्कळ लागतात आणि सगळी एकसारखी लागतात. एक सैल आलं की दोर तिथंच झिजतो. सकाळपासून ऊन मी म्हणत होतं. अर्धं सूत झालं असेल. चाकाची वादी निसटली म्हणून बायको खाली वाकली होती. चाक थांबलं नव्हतं, आपल्या जोरावर फिरत होतं, म्हणून उलटरावही थांबला नाही. एक पाऊल मागं. आणखी एक.

टाचेखाली मऊ लागलं.

त्यानं पाय उचलेपर्यंत त्याचं सगळं वजन त्या पायावर आलं होतं. पोरीनं आधी श्वास घेतला. तो श्वास संपेचना. मग ती जी रडली, तसं रडणं त्या वाटेवर आधी कुणी ऐकलं नव्हतं. कमरेचा वाख तसाच लोंबत तो खाली बसला. पोरीची डावी मांडी जिथं वाकू नये तिथं वाकली होती.

बायको धावत आली. म्हातारा खाटेवरून उठायला गेला आणि गुडघ्यावर पडला. त्या गडबडीत उलटरावाचा हात पोरीच्या कमरेला लागला आणि त्याला दिसलं, घंटीत बोळा तसाच होता.

पाळणा रिकामा लोंबत होता. पोरीला पाळण्यातून काढणारं माणूस एकच होतं आणि ते आता मातीत गुडघ्यावर बसून तोंड उघडं टाकून त्याच्याकडं बघत होतं.

उलटरावानं दोन बोटांनी बोळा उपसला आणि मुठीत दाबला.

"घंटी वाजली नाही का हो?" बायको ओरडली.

"वाजली असेल," तो म्हणाला. "मला ऐकू आली नाही."

*

नावेत बायको पोरीला मांडीवर आडवी घेऊन बसली. शेजारणीनं एक फळकुट आणि फडकं दिलं होतं, त्यावर तो पाय बांधला होता. नाव हेलकावली की पोर कळवळायची. उलटराव समोर बसला होता, हात गुडघ्यांत घालून. डोक्यावरून जुना दोर सरकत होता. तो त्यानंच वळलेला, लग्नानंतरचा पहिला मोठा दोर. त्याचे धागे उभे राहिले होते, मांजर फिस्कारल्यासारखे.

"कसं झालं रे?" नावाड्यानं विचारलं.

"पाय पडला."

"कुणाचा?"

"माझा."

नावाडी बोलभांड माणूस. नावेत बसलेल्याची पाठ सोडायचा नाही. पण आता तो तोंड फिरवून दोन्ही हातांनी दोर ओढायला लागला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला, फोटो काढायला सांगितलं. मांडीचं हाड मधोमध मोडलं होतं. बाई शांत होत्या. त्यांनी कागद पुढं ओढला.

"कसं लागलं?"

"मी पाय दिला."

बाईंनी वर बघितलं. "म्हणजे?"

"मागं चालत होतो. ती मागं होती."

"मागं का चालत होता?"

"काम करत होतो."

"काम करताना मागं का चालत होता?"

"माझं कामच मागं चालायचं आहे."

दारात उभ्या असलेल्या नर्सबाई फसकन हसल्या आणि लगेच तोंड फिरवलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "प्यायला होता का?"

"नाही."

"रागाच्या भरात काही?"

"नाही हो." आपण दोर कसा वळतो हे सांगायला त्यानं एक हात वर केला, बोटं हलवली, खुर्चीवरून उठून दोन पावलं मागं गेला आणि भिंतीजवळच्या पाण्याच्या बादलीवर आपटला. पाणी सांडलं. तो तिथंच उभा राहिला, ओल्या पायांनी.

त्याला बाहेर बसवून बाईंनी बायकोला वेगळं आत बोलावलं. दार लोटलेलं होतं, तरी ऐकू येत होतं.

"घाबरू नका. खरं सांगा. नवरा मारतो का?"

"तो?" बायको म्हणाली. "अहो बाई, तो कोंबडी हुसकायचं कामही माझ्या बाबांना देतो."

मग तिला रडू फुटलं. उलटराव बाहेर बाकावर बसून मुठीतला बोळा बघत होता. नदी ओलांडली तरी मूठ उघडायची त्याला आठवण नव्हती. त्यानं तो बोळा खिशात टाकला.

*

एवढ्या लहान पोराला प्लास्टर न घालता पाय टांगतात हे त्यांना माहीत नव्हतं. पलंगावर एक आडवी दांडी. दोन्ही पायांना पट्ट्या गुंडाळून दोऱ्यांनी ते सरळ वर टांगलेले, दोऱ्यांना वजनं. पोर पाठीवर आणि बूड गादीपासून जेमतेम उचललेलं.

"बुडाखालून हात सरकला पाहिजे," नर्सबाईंनी दाखवलं. "एवढी फट हवी. गादीला टेकलं तर उपयोग नाही. दर थोड्या वेळानं बघायचं. पायाची बोटं गरम आहेत ना, हलतात ना, तेही बघायचं."

बायकोनं हात घालून बघितला. "तुम्ही बघा," ती नवऱ्याला म्हणाली.

"तू बघितलंस ना."

"तुम्हालाही यायला हवं. मी न्हाणीत गेले तर?"

"तर नर्सबाई आहेत."

नर्सबाईंनी कंबरेवर हात ठेवले. "नर्सबाईंना एवढी सगळी पोरं आहेत. बाप आहात की पाहुणे?"

तो पुढं झाला. हात गादीजवळ नेला. तळहात घट्ट्यांनी भरलेला, बोटांच्या पेरांना चिरा. तो हात पोरीच्या गोऱ्यापान बुडाजवळ आला. त्यानं तो मागं घेतला.

"माझे हात खरखरीत आहेत," तो म्हणाला.

पहिले दिवस पोर रडली. मग टांगून घेण्याची तिला सवय झाली, जशी लहान पोरांना कशाचीही होते. ती पट्ट्यांकडं बघून गप्पा मारायला लागली. शेजारच्या पलंगावरची बाई म्हणायची, "हिचं बरंय. आम्ही जन्मभर राबून पाय वर करायला मिळत नाहीत." बायको पोरीच्या बाजूला आडवी होऊन तिला पाजायची, तिच्यासाठी तोंडानं चाकाचा आवाज काढायची, घर्रर घर्रर, आणि पोर खळखळून हसायची.

दवाखान्यात एकालाच राहू देत. उलटराव रोज नावेनं जायचा, जेवणाचा डबा द्यायचा, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहायचा. तिथून त्याला पोरीचे तळपाय दिसायचे आणि त्यांच्या मधून तिचं तोंड. ती त्याला बघून हात पसरायची. तो जीभ काढून दाखवायचा, कान हलवायचा, डोक्यावर डबा ठेवून नाचायचा. सगळा वॉर्ड हसायचा. पण पायथा सोडून तो उशाशी कधी गेला नाही.

बायको ते बघत होती.

*

घरी वेगळंच झालं होतं. म्हाताऱ्यानं टोमणे मारायचं सोडलं.

आधी सकाळ व्हायची ती, "उठले का आमचे सरदार?" इथून. भाजी खारट झाली, "जावयांनी नदीच ओतली वाटतं." काही नाही तर नुसतंच, "हं. हे आणि दोर वळणार." आता म्हातारा ताटात वाढलेलं मुकाट खायचा, अर्धं ठेवायचा. उलटराव मुद्दाम चूल धुपवायचा, भात करपवायचा, तरी म्हातारा "चांगला झालाय" म्हणायचा.

"मामा," तो एकदा म्हणाला, "करपलाय तो. शिव्या घाला ना."

म्हातारा ताटाकडं बघत म्हणाला, "मला काय अधिकार?"

दोघांच्या मध्ये तो बोळा होता. खिशातून काढून उलटरावानं तो कधीच वाटेवर फेकून दिला होता, वाऱ्यानं नदीकडं गेलाही असेल, पण तो तिथं होताच. बायकोला कळलं तर बापाकडं ती पुन्हा कशी बघेल, ही त्याला एक भीती. आणि बोळा मुळात तिनंच घातला होता, तेव्हा ती स्वतःकडं कशी बघेल, ही दुसरी. आपल्यावर आहे ते आपल्यावरच बरं. नाहीतरी पाय माझाच होता.

चाकावर धूळ बसली. नावाडी दोनदा येऊन गेला.

"पाणी गढूळ व्हायला लागलंय रे, उलटराव."

"बघतो."

"बघून काय होतंय? दोर वळावा लागतो."

*

पोर घरी आली तेव्हा तिचा डावा पाय उजव्याहून बारीक दिसत होता, जरा आखूडही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हाड जुळलंय. आखूड वाटतो तो वाढताना भरून निघेल. उभं करायची घाई करू नका, तिला वाटेल तेव्हा ती राहील. काही दिवसांनी आणून दाखवा." हे त्यांनी बापाकडं बघून सांगितलं, आणि जाता जाता म्हणाल्या, "तुमच्या धंद्याबद्दल मी विचारलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मला विचारावं लागतं."

"विचारायलाच हवं," तो म्हणाला आणि खरंच त्याला तसं वाटलं.

पोरीनं रांगणं सोडलं होतं. डाव्या गुडघ्यावर भार येऊ द्यायची नाही. आपली बसायची, दोन्ही हात पुढं टेकायची आणि बुडावर सरकायची. सरकायची तीही मागं. पुढं काही हवं असलं की लांब लांब जायची आणि हवं ते दूर गेलं म्हणून चिडून रडायची.

बायको हसून हसून लोळली. "बापावर गेली हो! बाबा, बघा ना, उलटी चाललीय!"

म्हातारा हसला नाही. उलटराव दारात उभा होता. पोर मागं सरकत सरकत त्याच्या पायांकडं येत होती. ती जवळ आली तसा तो उडी मारून उंबऱ्याबाहेर गेला. पाय उंबऱ्याला लागून अंगठ्याचं नख उखडलं.

बायकोचं हसू थांबलं. "ती आली तर घ्यायचं असतं," ती म्हणाली. "पळायचं नसतं."

"हात ओले होते."

"कोरडे आहेत. दिसतायत मला."

आधी तिनं स्वतः उलटं चालून बघितलं. त्याला चाकावर बसवलं, वाख कमरेला गुंडाळला आणि गेली मागं. दाव्यांना, बादलीच्या दोरीला चालेल असं सूत निघालं. पण तिच्या बोटांना ती ओढ नव्हती, सूत सैल यायचं. "नावेला नाही चालायचं," म्हातारा पुटपुटला. ते तिघांनाही दिसत होतं.

मग एका सकाळी उलटरावानं वाख बांधला. पोर खाटेवर म्हाताऱ्याजवळ, चादरीनं खाटेच्या पायाला बांधलेली. घंटी वाजत होती, चांगली खणखणीत. बायकोनं चाक फिरवलं. तो एक पाऊल मागं गेला आणि त्यानं मान वळवली. पोर खाटेवर होती. दुसरं पाऊल. मान वळवली. टाच टेकताना त्याच्या पोटरीत गोळा यायचा, जणू भुईच मऊ आहे. वाटेच्या शेवटापर्यंत पोचला तेव्हा तो घामानं भिजला होता आणि सुताला जागोजागी गाठी होत्या.

नेमका तेव्हा नावाडी आला. त्यानं सूत हातावर घेतलं, डोळ्याजवळ नेलं. "हे काय? सापानं बेडकांची रांग गिळलीय का?"

उलटरावानं त्याच्या हातातून सूत घेतलं, विळ्यानं कापलं आणि टाकून दिलं.

"दुसऱ्या गावाहून आणू का दोर?" नावाडी म्हणाला. चिडवायला नाही, हळू म्हणाला. त्यानं जास्त लागलं.

"आण," उलटराव म्हणाला. "मला नाही जमायचं."

"जमायचं नाही कसं?" म्हातारा एकदम ओरडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. खाटेवर दोन्ही हात टेकून तो अर्धा उठला होता. "जमायचं नाही कसं? त्याचा काय दोष? मी काढलं पोरीला पाळण्यातून! मी! ती किरकिरायला लागली, मी खाली सोडली आणि डोळा लागला माझा. बोळा तसाच. घंटी वाजलीच नाही. आणि हा... हा मूर्ख म्हणतो, मला ऐकू आली नाही!" त्यानं खाटेच्या दांडीवर हात आपटला. "माझ्या घरात राहून माझ्यासाठी खोटं बोलतो!"

चाक थांबलं. उलटरावानं बायकोकडं बघायचं धाडस केलं नाही.

बायको उठली. हात झटकले. "झालं?" ती म्हणाली.

ती चाकामागून पुढं आली.

"मला काय कान नाहीत? त्या दिवशी नावेत बसलो तेव्हा घंटी वाजत होती. नाव हलली की वाजायची. सगळ्या नदीभर वाजली. आणि वाटेवर पोर एवढी रांगत आली तर वाजली नाही? मी तेव्हाच ओळखलं. बोळा मी घातला, बाबांनी काढला नाही आणि तुम्ही लपवला." ती बोलता बोलता खाटेकडं जात होती. "मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी लपवलाय. म्हणून मीही बोलले नाही. म्हटलं, घेऊ दे त्याला अंगावर, त्यानं त्याला बरं वाटत असेल तर. पण बरं कुठं वाटतंय? एक जेवत नाही आणि एक पोरीला बघून पळतो. मी एकटी किती जणांना सांभाळू? गुंडीला सांभाळू की तुम्हा दोन गुंड्यांना?"

नावाडी खाली बघून दाढी खाजवत होता.

तिनं पोरीची चादर सोडली. "वाख बांधा," नवऱ्याला म्हणाली.

"अगं, पण..."

"बांधा म्हणते ना. टोक अडकवा. चाक फिरवा हो तुम्ही," हे नावाड्याला. "नुसते उभे काय?"

नावाडी मुकाट चाकाशी बसला. चाक फिरलं. उलटरावाच्या बोटांत सूत पिळायला लागलं. आता त्याचे दोन्ही हात अडकले. सोडले तर सूत उलगडून परत वाख होणार. हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं पोर उचलली, त्याच्या छातीवर आणून लावली, बारीक पाय एका बाजूनं, जाड पाय दुसऱ्या बाजूनं, आणि चादर त्याच्या पाठीवरून घेऊन खांद्यावर घट्ट गाठ मारली.

"अगं काय करतेस! घे तिला! पडेल!"

"माझी गाठ आहे. पडत नाही."

"माझे हात..."

"हात कामात आहेत. हातांनी धरायचंच नाही. आता सांगा, पोर कुठं आहे?"

त्यानं खाली बघितलं.

"कुठं आहे?"

"पुढं," तो म्हणाला.

"मागं आहे का?"

"नाही."

"मग चला."

पोरीनं मान वर करून बापाच्या हनुवटीकडं बघितलं. इतके दिवस पायांच्या मधून दिसणारं तोंड एकदम जवळ आलेलं. तिनं त्याचा खालचा ओठ धरला आणि ओढला. तिचं पोट त्याच्या पोटाला लागलं होतं, गरम. दुधाचा आणि घामाचा वास. तिचा डावा पाय त्याच्या कमरेच्या वाखावर टेकला होता आणि त्यातून बारीक बारीक धडका येत होत्या. पाय मारत होती ती. दोन्ही.

तो एक पाऊल मागं गेला.

पोटरीतला गोळा आला, पण पूर्ण आला नाही. दुसरं पाऊल. बायको त्याच्या बाजूनं चालत होती, थोडं अंतर ठेवून. त्यानं मान वळवली नाही. वळवायला पोरीनं ओठच सोडला नाही. सूत बोटांतून निघत राहिलं. वाटेच्या मध्यावर खाटेजवळून जाताना म्हातारा डोळे पुसत होता.

"जावई," तो खाकरून म्हणाला, "पोरीला घेऊन फिरायला निघालात की दोर वळताय? हात चालवा की जरा."

उलटरावाच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, आणि हात अडकलेले, पुसता येईना. ते पोरीच्या डोक्यावर पडत राहिलं. तिनं ते हातानं चोळलं आणि तोंडात घातलं.

त्या सुताला एकही गाठ आली नाही असं सांगितलं तर खोटं होईल. दोन आल्या. नावाड्यानं त्या बघितल्या आणि सूत गुंडाळून ठेवलं.

*

पुढचे सगळे दिवस पोर त्याच्या छातीवर होती. भूक लागली की सोडायची, झोपली की सोडायची, उठली की परत बांधायची. सुतांचे पेड झाले, पेडांचा दोर झाला, मनगटाएवढा जाड. त्याला पीळ द्यायला शेजारपाजारचे आले आणि प्रत्येकानं उलटरावाची थट्टा करून घेतली. कुणी म्हणालं बाळंत कधी झालास, कुणी म्हणालं पाज आता. तो हसून मान डोलवायचा आणि पोरीचं डोकं पुसायचा. त्याच्या तळहातांची पोरीला काही तक्रार नव्हती. उलट पाठ खाजली की ती त्याचाच हात शोधायची, आईचा नाही.

पाणी काठावरच्या पहिल्या पायरीला लागलं त्या दिवशी नवा दोर नदीवर चढला. दुसऱ्या दिवशी पोरीला दवाखान्यात दाखवायला न्यायचं होतं. म्हातारा म्हणाला, मलाही दोर बघायचाय. त्याला खाटेसकट चौघांनी काठावर आणून ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी पाय ताणून बघितला, वाकवून बघितला. चांगलं आहे म्हणाल्या. "उभी राहते?"

"नाही अजून," बायको म्हणाली.

"राहील."

परतताना नावेत गर्दी होती. उलटराव उभा होता, डोक्यावरचा नवा दोर बघत. सरकताना तो कुठं अडत नव्हता. बायकोनं पोरीला फळ्यांवर बसवलं होतं, त्याच्या पायाशी. नदीच्या मध्यावर त्याला पोटरीवर काहीतरी लागलं. मग गुडघ्याच्या मागं. चिमूटभर कातडी कुणीतरी धरली आणि वर ओढली.

त्यानं खाली बघितलं. पोर त्याच्याच पायाला धरून उभी राहिली होती. डावा पाय जरा बाहेर, बोटं फळीवर रुतलेली, गुडघे लटपटत. तोंड गंभीर, मोठं काम अंगावर घेतल्यासारखं.

तो हलला नाही. श्वासही त्यानं वरच्या वर घेतला. बायकोनं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. नाव काठाला लागली, धक्का बसला, पोर डुलली, पण तिनं सोडलं नाही. माणसं उतरायला लागली. मागच्यांनी ढकललं.

"अरे, उतरायचं नाही का?" नावाडी ओरडला.

"थांब जरा," उलटराव म्हणाला. "ती उभी आहे."

माणसं थांबली. एकमेकांना खुणावत बाजूनं, नावेच्या कडेवरून, एकेक करून उतरली. काठावर खाटेवर म्हातारा मान लांब करून बघत होता. त्याला नीट दिसत नव्हतं.

"काय झालं रे?" तो सगळ्यांना विचारत होता. "काय झालं? दोर अडकला का?"

"नाही बाबा," त्याची लेक नावेतून म्हणाली. "गुंडी उभी राहिली."

म्हाताऱ्यानं दोन्ही हात वर केले. मग शेजारच्याला म्हणाला, "मला उचल जरा. उंच उचल."

त्याला दोघांनी काखेत धरून उचललं आणि त्यानं बघितलं.

हा म्हातारा, गुंडीचा आजोबा, पुढच्या वर्षी उन्हाळा संपता संपता दुपारच्या झोपेत वारला. सासू तोवर परत आली होती. घरची सगळी माणसं त्याच्याजवळ होती.